कॅमेरा, मोटार आणि मॅलीचे रान

माझा एक धाकटा मावसभाऊ बरीच वर्षे मेलबोर्नला असतो. संगणकाच्या कंपनीत नोकरी, दोन मुले, बँकेच्या कर्जावरचे घर, आणि अलीकडे जडलेला एक नाद : रानातल्या पक्ष्यांची छायाचित्रे काढण्याचा. मी भूगोल शिकवतो आणि सुट्टीत आपल्याकडची तळी-धरणे दुर्बीण घेऊन हिंडतो, हे त्याला ठाऊक होते. मी त्याच्याकडे जायचे ठरवले तेव्हा त्याने मोठ्या हौसेने एक बेत लिहून पाठवला. मेलबोर्नहून ॲडलेड, तेथून ॲलिस स्प्रिंग्ज, आणि परत मेलबोर्न. मुदत सहा दिवस. खाली लिहिले होते, "दादा, एवढ्यात निम्मा ऑस्ट्रेलिया बघून होईल. तू फक्त ये."

मी नकाशा काढला. मेलबोर्न ते ॲडलेड सुमारे सव्वासातशे किलोमीटर. ॲडलेड ते ॲलिस स्प्रिंग्ज सुमारे दीड हजार. जाऊन येऊन हिशेब साडेचार हजारांच्या घरात गेला. म्हणजे रोज साडेसातशे किलोमीटर मोटार हाकायची. मग पक्षी बघायचे कधी? मी त्याला कळवले, "बाबा रे, या बेतात आपण पक्षी पाहणार नाही, पक्षीच आपल्याला पाहतील, धावत्या मोटारीत बसलेली दोन माणसे म्हणून."

पक्ष्यांची छायाचित्रे काढण्याच्या प्रवासाचा पहिला नियम येथेच सांगून टाकतो. हा प्रवास हिंडण्याचा नसून बसण्याचा असतो. मोटार आपल्याला योग्य जागी नेऊन पोचवते, तिचे काम तेथे संपते. तेव्हा किती मुलुख तुडवायचा हे ठरवण्याआधी, कोणत्या एका मुलुखात बसायचे ते ठरवावे.

ऑस्ट्रेलियात हे फारच खरे. देशाचे क्षेत्रफळ सुमारे ७७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या सव्वादोनपटीहून थोडे अधिक. आणि लोकसंख्या पावणेतीन कोटींच्या आसपास, म्हणजे एकट्या महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याहून कमी. पक्ष्यांच्या आठशेंहून अधिक जाती तेथे आढळतात आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्या जगात दुसरीकडे कोठेही नाहीत. हे सारे एका सुट्टीत बघायचे म्हणणे म्हणजे काश्मीर, कोकण आणि काझीरंगा एका आठवड्यात करण्यासारखे आहे.

आम्ही अखेर एकच मुलुख निवडला. व्हिक्टोरिया राज्याच्या वायव्य कोपऱ्यातले मॅलीचे रान. 'मॅली' हा शब्द तेथील आदिवासींच्या भाषेतला. जमिनीलगतच्या एका लाकडी गाठीतून एकाऐवजी पाच-सहा बारीक खोडे फुटतात अशा बुटक्या निलगिरीला मॅली म्हणतात. वणव्यात वरची खोडे जळाली तरी गाठ जिवंत राहते आणि पुन्हा फुटते. खाली लाल-पिवळी वाळू, मधूनमधून काटेरी ट्रायोडिया गवताचे गोल झुबके. दिसायला हे रान अगदी गरीब. पण त्यात जे राहतात ते दुसरीकडे राहू शकत नाहीत.

आता प्रश्न कधी जायचे याचा. माझा भाऊ पूर्वी एकदा एकटाच तेथे जाऊन आला होता, तो जानेवारीत. कारण रजा तेव्हा मिळते. आपण शाळेत शिकलेली साधी गोष्ट तो विसरला, की दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे. जानेवारी म्हणजे तेथला भर उन्हाळा. पारा चाळिशीच्या वर, पक्षी सकाळी आठ वाजताच झाडोऱ्यात गडप. चार दिवसांत दोन कावळे आणि एक झोपलेला सरडा एवढी त्याची कमाई. शिवाय उन्हाळ्यात वणव्याची धास्ती असते. ७ फेब्रुवारी २००९ रोजी याच व्हिक्टोरिया राज्यात लागलेल्या वणव्यांत १७३ माणसे मेली. आजही उन्हाळ्यात आगीच्या धोक्याची पातळी रोज जाहीर होते. बंदीच्या दिवशी उघड्यावर चूल पेटवता येत नाही आणि फार वाईट दिवशी उद्यानेच बंद ठेवतात.

दक्षिणेकडील बहुतेक पक्ष्यांचा विणीचा काळ म्हणजे तेथला वसंत, सप्टेंबर ते नोव्हेंबर. नर गातात, रंग ताजे असतात, हवा सोसवते. आम्ही ऑक्टोबर पक्का केला. मात्र प्रत्येक पक्ष्याचे पंचांग निराळे असते हे विसरू नये. 'स्विफ्ट पॅरट' नावाचा चपळ हिरवा पोपट हिवाळ्यात मध्य व्हिक्टोरियातल्या निलगिरीच्या फुलांवर येतो आणि वसंतात समुद्र ओलांडून टास्मानियात वीण करायला जातो. ऑक्टोबरात त्याला बेंडिगोच्या रानात शोधणे म्हणजे आषाढात आंबा शोधण्यापैकी आहे. एकदम मध्य ऑस्ट्रेलियात गेलात तर ऋतूपेक्षा पाऊस महत्त्वाचा; पाऊस पडला की पक्षी वीण करतात, मग महिना कोणताही असो.

आमचा मार्ग असा ठरला. पहिला दिवस मेलबोर्नजवळच, वेरिबी येथे. ऐकून हसाल, पण हे ठिकाण म्हणजे मेलबोर्न शहराच्या सांडपाण्याचे शेत! १८९७ सालापासून शहराचे सांडपाणी येथे येते. सुमारे साडेदहा हजार हेक्टरांत तळ्यांमागून तळी पसरली आहेत आणि त्यांवर बदके, काळे हंस, पाणकोंबड्या यांची जत्रा असते. आत जाण्यासाठी आगाऊ परवाना काढावा लागतो. सैबेरियाकडून उन्हाळ्यापुरते येणारे, मूठभर आकाराचे किनारपक्षीही येथे असतात. आपल्या ठाण्याच्या खाडीत हिवाळी पाहुणे म्हणून येणाऱ्या पक्ष्यांपैकी काहींचे जातभाईच हे. एका उत्तरेतून काही भारताकडे उतरतात, काही ऑस्ट्रेलियापर्यंत जातात. मला तेथे परके वाटलेच नाही.

दुसरा मुक्काम बेंडिगो, मेलबोर्नपासून दीडशे किलोमीटर. १८५१ साली येथे सोने सापडले आणि खाणींच्या लाकडांसाठी भोवतालची निलगिरीची जुनी राने तोडली गेली. नवी झाडे वाढली आहेत, पण पोपटांना घरट्यासाठी ढोली लागते, आणि निलगिरीत मोठी ढोली पडायला शंभराहून अधिक वर्षे जातात. सोन्याची किंमत पक्षी अजून भरत आहेत असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

तेथून कॅल्डर महामार्गाने वायव्येकडे. औयेन हे छोटे गाव मेलबोर्नपासून सुमारे ४४० किलोमीटर. आणखी पस्तीसेक किलोमीटर उत्तरेस हट्टा. तेथील हट्टा-कुलकाइन राष्ट्रीय उद्यानात आम्ही चार दिवस काढले. मरे नदीच्या पुरावर भरणारी सरोवरे, त्यांच्या काठी जुने रेड गम वृक्ष आणि पलीकडे लगेच मॅलीचे कोरडे रान. रीजंट नावाचा पिवळाधमक पोपट घरटे करतो नदीकाठच्या ढोलीत आणि चारा खातो मॅलीत. दोन्ही राने शेजारी हवीत. एक गेले की दुसरे असून उपयोग नाही. आठ दिवसांत एकूण प्रवास झाला सुमारे बाराशे किलोमीटर, म्हणजे रोजचे दीडशे. भावाला आरंभी हा बेत फार आळशी वाटला होता.

मोटारीसंबंधी चार गोष्टी सांगणे जरूर आहे. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवतात, हे आपल्या सोयीचे. परंतु भाड्याची मोटार घेताना कच्च्या रस्त्यावर ती नेता येते का, विमा तेथे लागू आहे का, हे आधी लेखी विचारून घ्यावे. बहुधा लागू नसतो. सरोवराकाठच्या तळापर्यंत साधी मोटार जाते, पण आतल्या वाळूच्या वाटांवर चारही चाकांना जोर असलेलीच गाडी हवी. संध्याकाळी आणि पहाटे कांगारू रस्त्यावर येतात. एकदम आडवा आला तर ब्रेक दाबावा, पण चाक जोरात वळवू नये. कांगारू चुकवताना गाडी झाडावर जाते. मेलेल्या कांगारूवर मोठे वेज-टेल्ड गरुड बसलेले असतात. पंखांचा विस्तार दोन मीटरांहून अधिक, पोट भरलेले. त्यांना उडायला वेळ लागतो. तेव्हा रस्त्यावर काही पडलेले दिसले की वेग आधीच कमी करावा. मेलबोर्नच्या परिसरातील आदिवासींच्या कथांत सृष्टी घडवणारा बुंजिल हा गरुडच आहे. निदान त्याच्या मानासाठी तरी!

आता श्रोते विचारतील, अंधारात गाडी चालवायची नाही आणि पक्षी तर पहाटेच टिपायचे, हे जमावे कसे? यावर तोड एकच. मुक्काम गावात न करता रानातल्या तळावरच करावा. मग उठून पायी चालू लागायचे. राहुटी, शिधा आणि पाणी बरोबर लागते. पाणी माणशी दिवसाला निदान पाच लिटर, शक्य तर दहा. मोबाइल तेथे पुष्कळ ठिकाणी मुका होतो. म्हणून उपग्रहामार्फत संकटाचा संदेश पाठवणारा छोटा संच बरोबर ठेवावा, आणि कोठे जातो व कधी परतणार हे घरी लिहून द्यावे. मोटार बंद पडली तर तिला सोडून चालत सुटू नये. माणसापेक्षा मोटार विमानातून लवकर दिसते.

कॅमेऱ्याचे सामान थोडके पण नेमके असावे. चारशे ते सहाशे मिलिमीटरची लांब भिंग, जादा बॅटऱ्या, धूळ पुसायचा ब्रश. फांद्यांतून टुणटुणणाऱ्या छोट्या पक्ष्यासाठी शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी नको. उडत्या पक्ष्याला याच्या दुप्पट तरी. तिकाटण्यापेक्षा मोटारीच्या खिडकीवर ठेवायची कडधान्याची पिशवी जास्त उपयोगी. यात एक गंमत झाली. मी घरून राजमा भरलेली पिशवी शिवून नेणार होतो. भाऊ फोनवर ओरडला, "दादा, विमानतळावर तुझी उसळ करतील!" त्या देशात बाहेरचे बी-बियाणे, फळे, अगदी बुटाला चिकटलेली मातीसुद्धा फार काटेकोरपणे तपासतात, जे असेल ते कागदावर जाहीर करावेच लागते. मी पिशवी रिकामी नेली आणि तेथल्या दुकानात भरली. बूट मात्र घरी दोनदा घासून धुतले.

दिवसाचा क्रम आम्ही असा ठेवला. उजाडण्याआधी तयार. सूर्य पाठीशी घेऊन सकाळचे अडीच-तीन तास काम. दहानंतर जमिनीवरून उष्ण हवेच्या लाटा उठतात आणि लांब भिंगातून सगळे चित्र पाण्यात धरल्यासारखे थरथरते; तेव्हा कितीही महाग कॅमेरा असो, फुकट आहे. दुपारी झोप, टाचणे, जेवण. चारनंतर पाणवठा. कोरड्या रानात दाणे खाणाऱ्या पक्ष्यांना पाणी चुकत नाही. पोपट, कबुतरे, छोट्या मुनिया पाण्यावर येतातच. परंतु आपण अगदी काठावर ठाण मांडले तर ते तहानलेले परत जातात. लांब बसावे, मोटारीतच बसावे आणि इंजिन बंद ठेवावे. मोटारीला पक्षी भीत नाहीत. दार उघडून पाय खाली टाकला की भितात.

आणि आता ज्याच्यासाठी आम्ही गेलो होतो त्या पक्ष्याविषयी. त्याचे नाव मॅलीफाउल. आकाराने मोठ्या कोंबड्याएवढा, पाठीवर करडी-तपकिरी-पांढरी नक्षी. हा पक्षी अंड्यांवर बसत नाही. हिवाळ्यात नर वाळूत खड्डा खणून त्यात पालापाचोळा भरतो, पावसाने तो भिजू देतो आणि वर वाळूचा ढिगारा रचतो. तीन ते पाच मीटर रुंद, साधारण मीटरभर उंच. आपल्याकडे शेणखताच्या खड्ड्यात हात घातला तर गरम लागतो ना? तीच उष्णता. मादी काही दिवसांच्या अंतराने एकेक अंडे या ढिगाऱ्यात घालते. आतली उष्णता सुमारे ३३ अंशांवर ठेवणे हे नराचे काम, आणि ते महिनोन्‌महिने चालते. तो वाळूत चोच खुपसून उष्णता अजमावतो. वसंतात पाला कुजून आच वाढली की पहाटे ढीग उघडून वाफ जाऊ देतो व पुन्हा झाकतो. उन्हाळ्यात वाळूचा थर जाड करतो. शरदात दुपारी थर पातळ करून ऊन आत घेतो. हॅरी फ्रिथ या शास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या दशकात वर्षानुवर्षे हे निरीक्षण करून नराची ही कारागिरी सिद्ध केली. पिल्लू आपले आपण वाळूतून वर येते आणि आईबापांचे तोंडही न बघता रानात चालते होते.

तिसऱ्या दिवशी पहाटे, वाटेपासून काही अंतरावर असा एक ढिगारा आम्हाला दिसला. नर त्यावर उभा राहून पायांनी वाळू मागे उडवत होता. निम्मा ढीग उघडला होता. भाऊ हळूच उतरला आणि झाडाआडून वीस-पंचवीस पावलांवर गेला. नर थबकला. हलेना. मग एक-एक पाऊल टाकत झुडपांत शिरला आणि नाहीसा झाला.

"येईल आता परत," भाऊ कुजबुजला. पाच मिनिटे गेली, दहा गेली. सूर्य वर आला. मी बघत होतो त्या उघड्या खड्ड्याकडे. खाली अंडी असणार, आणि ज्याने ती उष्णता राखायची तो आमच्यामुळे झुडपात अडकून पडलेला. मी म्हणालो, "चल, मागे हो." तो म्हणाला, "दादा, सहा हजार मैलांवरून आलास तू. पाचच मिनिटं." मी म्हणालो, "मी आलो हा माझा प्रश्न. त्याचा संसार उघडा पडलाय." माझा आवाज थोडा चढलाच असावा. तो काही न बोलता मागे आला. आम्ही मोटार सत्तर-ऐंशी पावले मागे घेतली आणि काचा थोड्या उघड्या ठेवून बसलो. बराच वेळ काही नाही. दोघेही एकमेकांशी बोलेनात. शेवटी तो आला. मान उंच करून पाहिले, आणि मग कामाला लागला. तासाभराने ढिगारा पुन्हा बंद झाला.

त्या अंतरावरून काढलेल्या छायाचित्रात पक्षी छोटा दिसतो. वाळूचा एक फवारा, त्यामागे वाकलेली मान. स्पर्धेत त्याला कोणी बक्षीस देणार नाही. परंतु भावाने दिवाणखान्यात तेच लावले आहे.

हा प्रश्न केवळ आमच्या दोघांचा नव्हे. मॅली एमू-रेन नावाचा पाच-सहा ग्रॅम वजनाचा चिमुकला पक्षी जुन्या ट्रायोडियाच्या झुबक्यांत राहतो. २०१४ सालच्या वणव्यांनी दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यातली त्याची वस्ती पुसून टाकली. आज त्याची मुख्य भिस्त व्हिक्टोरियाच्या याच कोपऱ्यावर आहे. त्याला बाहेर काढण्यासाठी ध्वनिमुद्रित आवाज वाजवण्याचा मोह होतो. नराला वाटते दुसरा नर घुसला. तो घरटे सोडून भांडायला येतो. आपल्याला चित्र मिळते, त्याची सकाळ जाते. उद्या दुसरा छायाचित्रकार येतो, परवा तिसरा. म्हणून आवाज वाजवू नये, घरट्याभोवतीची फांदी वाकवू नये, निशाचर पक्ष्यावर झगझगीत दिवा मारू नये. आणि दुर्मिळ पक्ष्याचे ठिकाण चारचौघांत सांगू नये. नाइट पॅरट हा पोपट नामशेषच झाला असे पुष्कळांना वाटत होते. १९९० आणि २००६ साली पश्चिम क्वीन्सलँडमध्ये त्याची मेलेली कुडी सापडली, आणि २०१३ साली जिवंत पक्ष्याचे पहिले छायाचित्र निघाले. जागा मात्र मुद्दाम गुप्त ठेवली गेली. छायाचित्र जगाला मिळाले आणि पक्ष्यालाही जागा उरली. मला हा या कलेचा आदर्श वाटतो.

पूर्वी असे नव्हते. जॉन गूल्ड हा इंग्रज पक्षीशास्त्रज्ञ १८३८ साली ऑस्ट्रेलियात आला आणि १८४० ते १८४८ या काळात त्याने तेथील पक्ष्यांवरचे सात भव्य सचित्र खंड काढले. त्या काळी पक्षी बंदुकीने हाती आल्याशिवाय त्याचे चित्र होत नसे. आज आपल्या हाती बंदूक नाही. पण कॅमेराही पक्ष्याच्या आयुष्यातून काही काढून घेऊ शकतो, हे आपण ध्यानात ठेवायला हवे.

परतल्यावर मेलबोर्नच्या अंगणात एक ओळखीचा आवाज ऐकला. साळुंकी! आपलीच साळुंकी. १८६० नंतरच्या दशकात तिला भारतातून तेथे नेऊन सोडले, मळ्यांतले किडे खाईल म्हणून. ती आता तेथील पोपटांच्या ढोल्या बळकावून बसते. दोष तिचा नाही. माणसाने आधी नीट विचार केला नाही. भाऊ म्हणाला, "दादा, हिचं तरी छायाचित्र अगदी जवळून काढ. ही काही हरकत घेणार नाही."

मी काढले. पाच पावलांवरून. तिने मान वाकडी करून माझ्याकडे बघितले आणि भावाच्या ताटातली पोळी पळवली.